रेकॉर्डिंग झालं, उतरवून कोण घेणार?

मिरजेहून निघून विटा, दहिवडी करत फलटण गाठायला एसटीने एक दिवस पुरतो. त्या एका दिवसात कान उघडे ठेवले तर मराठीखेरीज चार-पाच भाषा सहज ऐकू येतात. टोपल्या-कणग्या विणणाऱ्या कैकाड्यांची कैकाडी ही तमिळच्या घराण्यातली. दगड फोडणाऱ्या, विहिरी खणणाऱ्या वडारांची वडारी तेलुगूच्या अंगाची. रस्त्याकडेला भाता लावून बसणाऱ्या घिसाड्यांची बोली गुजरातीच्या जवळची, तर पारध्यांची भिली-गुजरातीच्या गोतातली. जतच्या बाजूला कन्नड आहे, पण तिच्या पाठीशी शेजारचं अख्खं राज्य आहे, शाळा आहेत, वर्तमानपत्रं आहेत. बाकीच्यांकडे यातलं काहीच नाही. त्या फक्त घरात बोलल्या जातात आणि आता घरातूनही निघून चालल्या आहेत.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि त्यानंतर ९९व्या साहित्य संमेलनाचं यजमानपद साताऱ्याकडे आलं. याचा आनंद प्रत्येक मराठी माणसाला झाला आणि तो व्हायलाच हवा. ज्या जिल्ह्यात वाईला बसून मराठी विश्वकोशाचं काम पिढ्यान्पिढ्या चाललं, त्या जिल्ह्याला भाषेचं काम म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणूनच आपल्याच शिवारात बोलल्या जाणाऱ्या या छोट्या भाषांबद्दलची जबाबदारीही आपलीच आहे.

एखादी भाषा धोक्यात आहे की नाही, हे बोलणाऱ्यांच्या संख्येवरून ठरवू नये. आपल्या जनगणनेत १९७१ पासून दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलतात त्या भाषा वेगळ्या दाखवल्याच जात नाहीत. २०११ च्या जनगणनेत १२१ भाषांची नावं आली. भाषाभ्यासक गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकसर्वेक्षणात ७८० भाषा नोंदल्या गेल्या. या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत किती घरं आहेत याचा विचार करावा. पण आकड्यापेक्षा नेमकी कसोटी युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या नकाशात वापरली आहे: मुलं ही भाषा घरात मातृभाषा म्हणून शिकतात का? वस्तीवर गेल्यावर एवढंच बघावं. आजीने पाच वर्षांच्या नातवाला कैकाडीत हाक मारली, आणि नातवाने मराठीत उत्तर दिलं, तर ती भाषा धोक्यात आहे. बोलणारे दोन हजार असोत की पन्नास हजार.

आता या भाषांसाठी आपल्याकडे काय होतं? २१ फेब्रुवारीला मातृभाषा दिन येतो. कॉलेजमधली पोरं मोबाईल घेऊन वस्तीवर जातात, एखाद्या आजीला गाणं म्हणायला लावतात, व्हिडिओ काढतात. तो यूट्यूबवर चढतो किंवा पेनड्राईव्हमध्ये विभागाच्या कपाटात जातो. हेतू चांगला असतो, कष्टही खरे असतात. पण दहा वर्षांनी तो व्हिडिओ कुणी उघडला तर त्यातल्या एका वाक्याचाही अर्थ लागणार नाही, कारण ते वाक्य कुणी लिहून ठेवलेलं नसतं, आणि सांगणारी आजी तोवर राहिलेली नसते.

त्यामुळे मागणी एकच आहे. भाषा-जतनाच्या नावाने सरकार, विद्यापीठं, साखर कारखान्यांचे ट्रस्ट किंवा देणगीदार जो पैसा खर्च करतील, त्यातला निम्म्याहून जास्त पैसा रेकॉर्डिंग उतरवून घेणाऱ्या माणसांच्या मजुरीवर जावा, आणि ती माणसं त्याच समाजातली असावीत. अ‍ॅप, पोर्टल, त्रिमिती संग्रहालय वगैरे सगळं त्यानंतर.

ही मागणी का, हे समजायला काम प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहावं लागेल.

आधी आवाज. रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही या न दाबलेल्या फाईलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर करावं (आवाज किती बारकाईने टिपायचा याची ही मापं). एका माईकचा एक तास सुमारे ५२० एमबी होतो. वीस तास म्हटले तरी साडेदहा जीबी. आजच्या काळात ही जागा काहीच नाही, त्यामुळे जागा वाचवायला एमपी-थ्री करणं हा शुद्ध तोटा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला आवाज तर मूळ प्रत म्हणून मुळीच धरू नये. ती यंत्रणा बोलणं समजण्यापुरता आवाज ठेवते आणि वरच्या पट्टीतला भाग गाळते. स, श, च, ज यांचा फरक नेमका त्या वरच्या पट्टीत असतो. मराठी माणसाला हे चटकन कळेल: ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, ‘चार’ माणसं आणि गुरांचा ‘चारा’. लिहिताना अक्षर एकच, आवाज दोन. आपल्याला मराठी येते म्हणून दबलेल्या आवाजातूनही आपण योग्य तो शब्द उचलतो. ज्या भाषेचा व्याकरणकार अजून जन्मलाच नाही, तिच्यात असा फरक रेकॉर्डिंगमधून गेला की कायमचा गेला.

माईक कॉलरचा, हनुवटीपासून वीतभर खाली. पदराखाली जाऊ द्यायचा नाही, कारण कापडाची घासण नंतर सॉफ्टवेअरने पूर्ण निघत नाही. बांगड्या आणि गळ्यातल्या माळेचा आवाजही लागतो; अशा वेळी माईक दुसऱ्या खांद्याकडे सरकवावा, बांगड्या उतरवायला सांगू नये. आवाजाची पातळी अशी ठेवावी की मोठ्याने बोललं तरी रेकॉर्डरवरचा काटा उणे बारा डेसिबलच्या वर जाणार नाही. वडार माणूस काम करता करता बोलत असेल तर उणे वीसपर्यंत खाली आणावी. छिन्नीवरचा हातोड्याचा एक घाव आवाजाचं टोक कापून टाकतो आणि त्याच्या आगेमागे बोललेला शब्दही खराब होतो. त्यापेक्षा दोन घावांच्या मधल्या उसंतीत बोलायला लावावं. ती उसंत कामातच असते, फक्त घाई करायची नाही.

जागा निवडताना डोळ्यांपेक्षा कानाने निवडावी. पत्र्याच्या खोलीत दुपारी पत्रा उन्हाने तडतडतो. विट्यात यंत्रमागाची धडधड दोन गल्ल्या पलीकडूनही येते. माण-खटावच्या माळावर वाऱ्याला साधी स्पंजची टोपी पुरत नाही, केसाळ टोपी लागते. गोधड्या, वाकळा, धान्याची पोती असलेली खोली उत्तम, कारण ती आवाज शोषते. रेकॉर्डर नसेल आणि फक्त मोबाईलच असेल तरी चालतं, पण डब्ल्यूएव्हीत नोंदवणारं अ‍ॅप, बाहेरचा माईक, फोन फ्लाईट मोडवर आणि गोंगाट कमी करणारी सोय बंद. ही सोय पंख्याचा आवाज काढताना शब्दाच्या शेवटची श्वासासारखी व्यंजनंही पंखाच समजून पुसते.

नोंदवायचं काय, यात सर्वात जास्त चूक होते. ब्रिटिश अधिकारी जॉर्ज ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात (१८९८ ते १९२८) कैकाडी आणि वडारीचे नमुने आले, ही मोलाची गोष्ट आहे. पण त्या सर्वेक्षणाची पद्धत अशी होती की बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट ठिकठिकाणच्या भाषांत करून घ्यायची. एकच मजकूर असल्याने तुलना सोपी झाली, पण मिळाला तो अनुवाद. कोणीही आपल्या नात्यातल्या बाईशी भांडताना जसं बोलतो तसं अनुवादात बोलत नाही. आजही शंभर किंवा दोनशे सात शब्दांची ठरीव यादी घेऊन डोळा, हात, पाणी, अग्नी विचारत बसणारे अभ्यासक आहेत. यादी हवी, पण अर्धा दिवस पुरे. गाण्यांचंही तसंच. गाणी सुंदर असतात, लोक आनंदाने म्हणतात, म्हणून रेकॉर्डिंगचा निम्मा वेळ गाण्यांवर जातो. गाण्यातली भाषा बऱ्याचदा गोठलेली असते, कधी चक्क मराठी किंवा हिंदी असते. वीस तासांपैकी दोन तास गाण्यांना द्यावेत. आठ-नऊ तास दोन किंवा तीन माणसांच्या आपसातल्या गप्पांना द्यावेत, त्यात विचारणाऱ्याने तोंड उघडू नये. पाच-सहा तास हातातल्या कामाला द्यावेत आणि त्याचा व्हिडिओही घ्यावा.

हातातल्या कामाचं महत्त्व एका कणगीवरून कळेल. ‘याला काय म्हणता?’ असं तयार कणगीकडे बोट दाखवून विचारलं तर एक शब्द मिळतो. तीच कणगी विणायला घेतली की गोष्ट बदलते. काडी निवडताना ओली, सुकी, वाकणारी, मोडणारी यांचे शब्द येतात. बूड मांडताना उभ्या काड्यांचा शब्द येतो. आडवी काडी आत घालणं आणि बाहेर काढणं यांची क्रियापदं येतात. काठ बांधताना चुकलं तर शेजारी बसलेली सून ‘असं नाही, तसं’ म्हणते, आणि त्या एका वाक्यात आज्ञा, नकार आणि दिशा, तिन्हींची व्याकरणं सापडतात. अशा तासाभराच्या कामातून जे मिळतं ते याद्यांच्या आठवडाभरातून मिळत नाही. खुद्द मराठीतही मोट गेली तशी नाडा, सोंदूर, थारोळं, धाव ही शब्दांची अख्खी वस्ती उठून गेली. गुऱ्हाळाचं यंत्र बदलतंय तसे चुलवाण, गुळव्या, जळव्या निघायला लागलेत. पण मराठीला शब्दकोश आहेत; मोल्सवर्थचा तर १८३१ पासून आहे आणि आज तो इंटरनेटवर कुणालाही शोधता येतो. कैकाडीच्या कणगीला असा आधार नाही.

आता खरं काम, उतरवून घेणं. यासाठी ईलॅन नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, नेदरलँड्समधल्या मॅक्स प्लांक संस्थेने केलेलं. आवाजाची लाट पडद्यावर दिसते, आपण एकेक वाक्याचा तुकडा पाडायचा, आणि त्याखाली पट्ट्या भरायच्या. पहिल्या पट्टीत जसं ऐकू आलं तसं, दुसऱ्या पट्टीत शब्दाशब्दाचा अर्थ, तिसऱ्या पट्टीत सरळ मराठी वाक्य, चौथ्या पट्टीत शेरा: कोण कुणाला म्हणतंय, हसत की रागावून, शब्द जुना आहे का. चार सेकंदांचा एक तुकडा आधी पूर्ण ऐकायचा, मग अर्ध्या वेगाने, मग पुन्हा पूर्ण. दोन माणसं एकदम बोलत असतील तर प्रत्येकाची पट्टी वेगळी. कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह टाकायचं, अंदाजाने भरायचं नाही. अंदाजाने भरलेला शब्द पुढच्या माणसाला खरा वाटतो आणि मग तो कोशात जातो.

सरावलेल्या माणसालाही एका तासाचं बोलणं असं पूर्ण उतरवायला चाळीस-पन्नास तास लागतात. जगभर भाषांचं दस्तावेजीकरण इथेच अडतं. शेकडो तासांची रेकॉर्डिंग संग्रहांत पडून आहेत आणि त्यांच्या पट्ट्या कोऱ्या आहेत.

हे काम जोडीने करावं. एक तरुण, ज्याला देवनागरी लिहिता येतं आणि कॉम्प्युटर वापरता येतो; त्याच्याशेजारी एक वयस्क माणूस, ज्याला भाषा पूर्ण येते. तुकडा वाजवायचा, वयस्क माणसाने तेच वाक्य सावकाश, स्पष्ट पुन्हा म्हणायचं, तेही दुसऱ्या फाईलमध्ये नोंदवायचं, आणि मग मराठीत अर्थ सांगायचा. या पद्धतीने वेळ वाचतो. पण यातला मोठा फायदा वेगळाच आहे. वस्तीवरच्या बऱ्याच तरुणांना भाषा समजते, पण बोलता येत नाही. शंभर दिवस रोज आपल्या आज्याशेजारी बसून वाक्यामागून वाक्य ऐकणारा पोरगा त्या शंभर दिवसांत बोलायला लागतो. संग्रहासाठी दिलेली मजुरी भाषेला एक बोलणाराही देऊन जाते. पुण्याला फाईल पाठवून तिथल्या एखाद्या एजन्सीकडून ती उतरवून घेतली तर हे होत नाही, आणि ती एजन्सी उतरवणार तरी कशी?

लिपीचा प्रश्न इथेच समोर येतो. देवनागरीच वापरावी, कारण वस्तीवरची मुलं तीच शाळेत शिकतात. पण मराठीचं शुद्धलेखन तसंच लावू नये. तमिळ, तेलुगू, कन्नड या भाषांत ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन वेगळे ‘ए’ आणि दोन वेगळे ‘ओ’ असतात. कैकाडी आणि वडारी त्याच घराण्यातल्या, म्हणून त्यांच्यात हा फरक आहे का, हे पहिल्याच आठवड्यात कानाने तपासलं पाहिजे. असेल तर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रणांवर चालणाऱ्या अक्षर-संकेतांत, ऱ्हस्वासाठी ‘ऎ’ आणि ‘ऒ’ ही अक्षरं आणि त्यांच्या मात्रा आधीपासून आहेत; कॉम्प्युटरच्या इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत त्या मिळतात. मोबाईलच्या नेहमीच्या मराठी कीबोर्डवर मात्र बहुधा मिळत नाहीत, म्हणून लिहिणारा दोन्ही ठिकाणी एकच मात्रा टाकतो आणि फरक पुसला जातो. कीमन नावाच्या मोफत साधनाने त्या भाषेचा स्वतःचा कीबोर्ड चार-सहा दिवसांत करता येतो. च आणि ज यांचे दोन उच्चार दाखवायला खाली नुक्ता, म्हणजे टिंब, द्यावा. जे काही ठरेल ते एका पानावर लिहून प्रत्येक उतरवणाऱ्याच्या टेबलावर चिकटवावं. दोघांनी दोन पद्धतींनी लिहिलं की पुढे शोध घेताना एकच शब्द दोन ठिकाणी सापडतो, किंवा सापडतच नाही. आणि सगळं युनिकोडमध्येच. आपल्या छापखान्यांत जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेला किती मजकूर आज नुसत्या चिन्हांची रांग झाला आहे, हे छपाईतल्या कुणालाही विचारा.

फाईलला नाव देणं क्षुल्लक वाटतं, पण संग्रह इथेच मरतो. ‘व्हॉइस झिरो झिरो थ्री’ अशा नावाची फाईल वर्षाने कुणाला ओळखणार? भाषेचा आंतरराष्ट्रीय तीन-अक्षरी संकेत (कैकाडीचा के-ई-पी आहे), गाव, तारीख आणि क्रमांक एवढं नावात यावं, तेही रोमन अक्षरांत, कारण देवनागरी नावांच्या फाईली काही यंत्रणांवर उघडताना चौकोन होतात. सोबत एका साध्या तक्त्यात बोलणाऱ्याचं वय, जन्मगाव, लग्नानंतरचं गाव, येणाऱ्या भाषा, नोंदवणारा, यंत्र आणि परवानगीची पातळी. लग्नानंतरचं गाव विसरू नये. बाईच्या बोलण्यात माहेर आणि सासर दोन्हीकडचं पाणी असतं, आणि त्यावरून बोलीचे फरक उलगडतात.

साठवणीचा जगभर मान्य असलेला नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. सांगलीकरांना या नियमातला शेवटचा भाग समजावून सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी घराघरांत आणि वाचनालयांत शिरलं. एक प्रत सांगलीत असेल तर दुसरी आटपाडी किंवा जतच्या माळावर असावी, तिसरी इंटरनेटवरच्या एखाद्या स्थिर संग्रहात. हार्ड डिस्क चार-पाच वर्षांनी बदलावी आणि दर सहा महिन्यांनी फाईलींचा चेकसम, म्हणजे फाईलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा आकडा, जुन्या आकड्याशी ताडून पाहावा. आकडा जुळला नाही तर ती फाईल आतून कुजायला लागली आहे. दुसऱ्या प्रतीवरून ती लगेच बदलता येते. हे काम थोड्या वेळाचं आहे, पण ते कुणाच्या तरी नावावर हवं.

आता परवानगी, आणि इथे घाई करणाऱ्यांशी ठाम मतभेद आहे. ‘सगळं खुलं करा, जगाला मिळू द्या’ हे तत्त्व पुस्तकांना ठीक आहे. पण यातले कित्येक समाज इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेखाली जन्माने गुन्हेगार ठरवले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यातून ते विमुक्त झाले, पण ठाण्यातल्या नजरा एका दिवसात विमुक्त झाल्या नाहीत. अशा समाजांत घरच्या भाषेखेरीज एक सांकेतिक बोलीही असते, परक्यासमोर एकमेकांना सावध करायला. ग्रिअर्सनच्या १९२२ च्या खंडात अशा सांकेतिक बोलींची चर्चा छापून आली. तेव्हा त्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. आज आपण विचारलं पाहिजे. संकेताचे शब्द बंद ठेवावेत असं समाज म्हणाला तर ते बंद राहतील, अभ्यासक कितीही मोठा असला तरी.

परवानगी कागदावर अंगठा घेऊन संपत नाही. ती त्याच भाषेत समजावून, रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच आवाजात घ्यावी: हे कोण ऐकेल, इंटरनेटवर जाईल का, यावर कुणी पैसे कमावू शकेल का. तीन पातळ्या पुरतात: सगळ्यांसाठी, फक्त समाजासाठी, आणि अमुक वर्षांपर्यंत कुणासाठीच नाही. शिवाय नंतर मन बदललं तर फाईल मागे घेण्याचा हक्क. पारध्याच्या बाईने पोलिसांच्या छाप्याची हकीकत सांगितली असेल, तर ती भाषेचा नमुना म्हणून यूट्यूबवर टाकण्याचा अधिकार कुणालाच नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल आता सगळीकडून विचारलं जातं: यंत्रच ऐकून लिहील ना? मोठ्या भाषांसाठी लिहितं, आणि मराठीत ते झपाट्याने सुधारतंय. पण अशा यंत्राला शिकवायला आवाज आणि त्याचा अचूक मजकूर यांच्या जोड्या लागतात, शेकडो तासांच्या. आपल्याकडे कैकाडीचे पाच तासही उतरवलेले असतील की नाही, शंका आहे. न शिकवलेल्या यंत्राला कैकाडी ऐकवली तर ते गप्प बसत नाही, जवळच्या वाटणाऱ्या भाषेतलं काहीतरी लिहून देतं, आणि ते इतकं सफाईदार असतं की न जाणणाऱ्याला खरं वाटतं. यंत्राकडून त्या भाषेत मजकूर लिहवून घेणं त्याहून वाईट. २०२० साली उघडकीला आलं की स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावरचे हजारो लेख ती भाषा न येणाऱ्या एका मुलाने लिहिले होते. त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता. पण छोट्या भाषेचा इंटरनेटवरचा साठाच एवढासा असतो की एका माणसाच्या चुका भाषेचा चेहरा बनतात. एका यंत्राच्या चुकांनी काय होईल?

यंत्र कामाचं होतं ते क्रम पाळल्यावर. न्यूझीलंडमधल्या ते हिकू मीडिया या माओरी संस्थेने २०१८ मध्ये आपल्या लोकांना साद घालून दहा दिवसांत तीनशेहून जास्त तासांचं वाचन गोळा केलं, त्यावर माओरी ओळखणारं यंत्र उभं केलं, आणि तो साठा मोठ्या कंपन्यांच्या हवाली करायला नकार दिला. माओरीला लिहिणारे, वाचणारे, रेडिओवर बोलणारे आधीच होते, म्हणून हे दहा दिवसांत झालं. आपल्याला त्या पायरीच्या खूप आधीपासून सुरुवात करायची आहे. पाच तास नीट उतरवले की यंत्राला किमान बोलणं कुठे सुरू होतं, कुठे थांबतं, कोण बोलतंय एवढे तुकडे पाडायला लावता येतं, आणि त्यातही उतरवणाऱ्याचा बराच वेळ वाचतो.

आणखी एक आक्षेप वस्तीतूनच येतो आणि तो सर्वात वजनदार आहे: ‘आमच्या पोरांना नोकरी लागेल अशी भाषा शिकवा, ही भाषा ऐकली की लोक जात ओळखतात.’ याला उत्तर देताना भावनिक होऊ नये. मराठी आणि इंग्रजी चांगली यायलाच हवी, आणि घरची भाषा ठेवल्याने त्या कच्च्या राहत नाहीत. मूल दोन-तीन भाषा सहज पेलतं. जतमधली किती तरी घरं कन्नड-मराठी दोन्ही रोज वापरतात. लाजेचं मूळ भाषेत नसून शेजाऱ्याच्या नजरेत आहे. ती नजर रेकॉर्डरने बदलत नाही. पण आपली भाषा फक्त शिव्या आणि संशयाशी जोडलेली पाहिलेल्या मुलाला ती छापील पानावर, चित्रांसोबत दिसली तर त्याच्यापुरतं काहीतरी हलतं. प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मुक्त परवान्याची चित्रगोष्टींची पुस्तकं आहेत. उतरवून घेणारी जोडी त्यातली एक गोष्ट दोन दिवसांत कैकाडीत करू शकते आणि आश्रमशाळेत तिच्या वीस प्रती पोहोचू शकतात.

खर्चाचा हिशेब मांडून बघू. एका तालुक्यात, एका भाषेसाठी, वीस तासांचं रेकॉर्डिंग. रेकॉर्डर, दोन कॉलर माईक, एक साधा लॅपटॉप, दोन हार्ड डिस्क मिळून सत्तर हजारांच्या आसपास. वीस तास गुणिले चाळीस म्हणजे आठशे तास, म्हणजे आठ तासांचे शंभर दिवस. जोडीतल्या दोघांना रोज आठशे रुपये प्रत्येकी धरले तर एक लाख साठ हजार. बोलणाऱ्यांचं मानधन, प्रवास, चहापाणी यांना तीस-चाळीस हजार. सगळं मिळून पावणेतीन लाखांच्या आत. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेची २०१३ पासूनची योजना दहा हजारांपेक्षा कमी बोलणाऱ्यांच्या भाषांसाठी आहे; त्या आकड्याच्या वर राहूनही घराघरांतून उठणाऱ्या भाषांना राज्याने आणि जिल्ह्याने हात द्यायला हवा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून आवाजासकट इंटरनेटवर ठेवलं आहे. म्हणजे राज्यात ही विद्या आहे, शिकवणारे आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातली कॉलेजं आणि तालुक्याची वाचनालयं यांनी जागा, वीज आणि एक जबाबदार माणूस दिला तर बाकीचं वस्तीवरच उभं राहतं.

वेळापत्रकही वस्तीचंच धरावं. कारखान्याचे गाळप सुरू झाले, वीटभट्ट्या लागल्या की अर्ध्या खोल्यांना कुलूप असतं, आणि फेब्रुवारीच्या मातृभाषा दिनाला भेटतात ती मागे राहिलेली माणसं. म्हणून उतरवणाऱ्या जोडीला ईलॅन आणि लिपीचा सराव मे महिन्यात द्यावा. पहिलं रेकॉर्डिंग मृग लागल्यावर, सगळी घरी परतलेली असताना, पत्र्यावर पाऊस नाही अशा एखाद्या सकाळी घ्यावं, आणि सुरुवात वस्तीतल्या सर्वात म्हाताऱ्या बाईपासून करावी.